जुनी मानदुखी आटोक्यात कशी आणावी: फिजिओथेरपी, व्यायाम आणि बसण्या-उठण्याच्या सवयी

मानेचे दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकले की वैद्यकीय भाषेत ते जुनाट ठरते. तोपर्यंत बहुतेकांचे बरेच उपाय करून झालेले असतात. मलम चोळून झालेले असते, शेक घेऊन झालेला असतो, वेदनाशामक गोळ्या घेऊन झालेल्या असतात, उशीही बदललेली असते. आणि दोन-चार दिवस बरे वाटून मान पुन्हा पहिल्यासारखीच धरू लागलेली असते. या टप्प्यावर पोहोचलेल्या माणसासाठी हा लेख लिहिला आहे. मान नुसती जपून ठेवल्याने जुनी मानदुखी कमी होत नाही. मानेच्या आणि खांद्यांच्या स्नायूंची ताकद टप्प्याटप्प्याने वाढवली आणि दिवसभरात मानेची स्थिती वारंवार बदलत राहिली, तर ती आटोक्यात येते. शेक, मालीश, यंत्रावरचे उपचार यांचा त्या कामी हातभार लागतो. मुख्य काम मात्र रुग्णाच्या रोजच्या व्यायामानेच होते.

व्यायामाआधी: डॉक्टरांना कधी दाखवावे

आपल्या दुखण्यामागे काही गंभीर कारण नाही, याची खात्री सर्वांत आधी करून घ्यावी. बहुसंख्य लोकांच्या बाबतीत तसे कारण सापडत नाही; पण ज्या थोड्यांच्या बाबतीत ते असते, त्यांच्यासाठी वेळ फार मोलाचा असतो. पडल्यानंतर किंवा वाहनाच्या अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, तापाबरोबर ताठ झालेली मान, कारण नसताना घटणारे वजन, पूर्वी होऊन गेलेला कर्करोग, आडवे पडल्यावरही न थांबणारी आणि रात्री अधिक छळणारी वेदना, ठिसूळ झालेली हाडे, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडची औषधे किंवा जुना संधिवात, यांपैकी काहीही असेल तर घरी व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

मज्जारज्जूवर दाब येत असल्याच्या खुणांबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण अशा वेळी मान फारशी दुखतेच असे नाही आणि म्हणून लोक त्या खुणांकडे दुर्लक्ष करतात. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळणे, अक्षर बिघडणे, हातातली वस्तू नकळत निसटणे, चालताना तोल जाणे किंवा पाय जड आणि ताठ वाटणे, मान पुढे वाकवताच पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखे होणे, लघवी किंवा शौचावरचे नियंत्रण कमी होणे, या त्या खुणा आहेत. त्या दिसल्या तर वाट पाहू नये. अचानक उठलेली, पूर्वी कधीच न अनुभवलेली तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी असेल आणि तिच्याबरोबर चक्कर, एकाचे दोन दिसणे, बोलताना जीभ अडखळणे, गिळायला त्रास होणे किंवा चेहऱ्याची एक बाजू ओघळणे असे काही दिसले, तर तातडीने रुग्णालय गाठावे. छातीवर दडपण, दरदरून घाम आणि मान, जबडा किंवा हातात कळ असेल, तेव्हा ते दुखणे मानेचे नसून हृदयाचे असू शकते.

एमआरआयच्या अहवालाने घाबरून जाऊ नये

मानेचा एमआरआय काढला की अहवालात डिस्क फुगल्याचा, मणक्यांची झीज झाल्याचा, दोन मणक्यांमधली जागा कमी झाल्याचा उल्लेख बहुधा येतोच. तो वाचून अनेक जण मान हलवायलाच घाबरू लागतात आणि तिथून दुखणे अधिक मुरते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधील एका अभ्यासात मानेचा कोणताही त्रास नसलेल्या १,२११ व्यक्तींचे एमआरआय काढण्यात आले, तेव्हा त्यांच्यापैकी ८७.६ टक्के लोकांच्या मानेत डिस्कचा फुगवटा आढळला. विशीतल्या निरोगी तरुणांमध्येही बहुसंख्यांना तो होता. म्हणजे चित्रात दिसणारा बदल आणि जाणवणारी वेदना यांचे नाते सरळ नसते. अहवालातील बदल, आपली लक्षणे आणि डॉक्टरांच्या हाताला तपासणीत सापडलेल्या गोष्टी एकमेकांशी जुळत असतील तरच त्या अहवालाला वजन द्यावे. हाताची ताकद कमी होत असेल किंवा वर सांगितलेल्या खुणा असतील तर एमआरआय आवश्यकच असतो. केवळ मान दुखते म्हणून तो काढण्याने उपचाराची दिशा क्वचितच बदलते.

मान दुखत का राहते

प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो असते आणि ते सात लहान मणक्यांच्या आधारावर तोललेले असते. डोके खांद्यांच्या बरोबर वर असते तेव्हा स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. ते पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. २०१४ साली मांडल्या गेलेल्या एका संगणकीय प्रारूपानुसार मान ६० अंशांत झुकलेली असताना मणक्यांवर येणारा भार सुमारे २७ किलोपर्यंत जातो. हा आकडा वारंवार सांगितला जातो आणि त्यातून मान फार नाजूक असल्याचा समज पसरतो. वास्तविक निरोगी मान असा भार दिवसातून अनेकदा सहज पेलते. तासन्‌तास एकाच स्थितीत तो पेलण्याइतकी सहनशक्ती स्नायूंमध्ये उरलेली नसणे, ही खरी अडचण आहे.

ती सहनशक्ती नेमकी कुठे कमी पडते, हे समजून घेतले तर पुढचे व्यायाम कशासाठी आहेत ते उमगते. मणक्यांच्या अगदी पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना चिकटून असलेले खोल स्नायू असतात. मानेला आतून धरून ठेवणे हे त्यांचे काम. जुन्या मानदुखीत हे खोल स्नायू ढिले आणि उशिरा काम करणारे होतात आणि त्यांचे काम वरवरचे मोठे स्नायू अंगावर घेतात. कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत जाणारा दोरीसारखा स्नायू आणि मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला स्नायू, हे त्यातले मुख्य. हे स्नायू डोके वळवण्यासाठी आणि खांदा उचलण्यासाठी आहेत. दिवसभर ताणून उभे राहण्यासाठी नाहीत. म्हणून संध्याकाळपर्यंत खांदे दगडासारखे होतात. उताणे झोपून हनुवटी किंचित आत घेऊन डोके थोडेसे उचलून धरण्याच्या चाचणीत मान न दुखणारी माणसे सरासरी ३९ सेकंदांच्या आसपास टिकतात, तर मानदुखी असलेली २४ सेकंदांच्या आसपास थकतात, असे एका अभ्यासात दिसून आले आहे.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. वेदना महिनोन्‌महिने चालू राहिली की मज्जासंस्था अधिक संवेदनशील होते आणि पूर्वी ज्या हालचालीने काहीच वाटत नव्हते, तिनेही दुखू लागते. अपुरी झोप, सततची काळजी, कामाचा ताण यांनी ही संवेदनशीलता वाढते. दुखणे मनाचे खेळ आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. ते शरीरातच आहे आणि खरे आहे. मात्र दुखण्याची तीव्रता म्हणजे इजेचे मोजमाप नव्हे, हे लक्षात ठेवले की व्यायाम करताना थोडे दुखले तरी धीर सुटत नाही.

पहिल्या दिवशी करायची नोंद

व्यायाम सुरू करण्यापूर्वी एका वहीत तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. पहिली, गेल्या आठवड्यातील सरासरी वेदना शून्य ते दहाच्या मापावर किती होती. दुसरी, खुर्चीवर सरळ बसून खांदे न वळवता मान उजवीकडे आणि डावीकडे वळवली असता मागच्या भिंतीवरील कोणती वस्तू दिसते. दर आठवड्याला त्याच खुर्चीवर, त्याच जागी बसून हे पाहिले की हालचाल वाढते आहे का ते समजते. तिसरी, दुखण्यामुळे नीट करता येत नसलेली दोन-तीन कामे: वाहन मागे घेताना वळून पाहणे, अर्धा तास वाचत बसणे, मुलाला उचलून घेणे, असे काहीही. फिजिओथेरपिस्ट १९९१ पासून प्रचलित असलेली एक प्रश्नावलीही भरून घेतात. तिच्यात दहा प्रश्न आणि पन्नास गुण असतात आणि मानेमुळे रोजचे जगणे किती अडते याचा अंदाज त्यातून येतो. जुन्या दुखण्यात सुधारणा इतकी सावकाश होते की नोंद नसेल तर ती ध्यानातच येत नाही, आणि फायदा होत असतानाच माणूस व्यायाम सोडून देतो.

बसण्याची पद्धत

लॅपटॉपवर काम करणाऱ्या माणसाकडे बाजूने बघत राहावे. सुरुवातीला तो पाठ टेकून बसलेला असतो. पाच-सात मिनिटांत कंबर खुर्चीच्या पाठीपासून सुटून पुढे घसरते, पाठीच्या वरच्या भागाला पोक येतो आणि छाती आत जाते. आता नजर पडद्यावर ठेवायची म्हणून हनुवटी पुढे येते आणि कवटीच्या खालचे लहान स्नायू आखडून डोके मागे उचलतात. अक्षरे बारीक असतील तर चेहरा आणखी जवळ जातो. हात आधाराविना असतील तर खांदे कानांकडे चढतात. हे सगळे मानेत दिसते खरे, पण सुरुवात कंबरेपासून झालेली असते. म्हणून ‘मान सरळ ठेवा’ एवढाच सल्ला कुणाच्याही अंगवळणी पडत नाही. आधी बैठक सुधारावी लागते.

खुर्चीत अगदी मागपर्यंत सरकून बसावे आणि कंबरेच्या खोलगट भागाला लहान उशीचा किंवा गुंडाळलेल्या टॉवेलचा आधार द्यावा. पाऊल पूर्ण जमिनीवर टेकले पाहिजे. टेकत नसेल तर पायांखाली पाट किंवा चौरंग घ्यावा. कोपरे शरीराजवळ, साधारण काटकोनात आणि टेबलावर किंवा खुर्चीच्या हातांवर टेकलेली असावीत. हाताला मिळालेला आधार थेट मानेच्या स्नायूंचा भार कमी करतो आणि माझ्या मते या साऱ्या मांडणीत सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट हीच आहे. पडदा एक हात अंतरावर, म्हणजे साधारण ५० ते ७० सेंटिमीटरवर, आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवावी. ज्यांच्या चष्म्यात जवळचे पाहण्याचा भाग खाली असतो, त्यांनी पडदा याहून बराच खाली घ्यावा. नाहीतर काचेच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी ते दिवसभर हनुवटी वर करून बसतात. लॅपटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्ड जोडलेले असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी योग्य उंचीवर येऊच शकत नाहीत. रोज दोन तासांहून अधिक काम असेल तर लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर उचलून वेगळा कीबोर्ड आणि माउस वापरावा.

एवढे करूनही ही काही आदर्श मूर्तीसारखी स्थिती नाही, जिच्यात आठ तास बसून राहायचे आहे. अगदी बिनचूक सरळ बसलेला माणूस जर तासभर हलला नाही तर त्याचीही मान दुखते. ताठ बसण्याच्या अट्टहासाने स्नायू सतत आवळलेले राहतात, हे मानदुखीच्या रुग्णांमध्ये हमखास दिसणारे चित्र आहे. त्यामुळे दर अर्ध्या तासाने स्थिती बदलणे हाच मुख्य नियम समजावा. उभे राहावे, खांदे मागे फिरवावेत, मान दोन्हीकडे वळवावी, दोन पावले चालावे, मिनिटभर पुरते. मध्येच मागे रेलून बसणे, थोडा वेळ उभे राहून काम करणे, काही काळ वाकडेतिकडे बसणे यातही काही वावगे नाही.

मोबाइलबाबत एकच गोष्ट मनावर घ्यावी: कोपरांना आधार देऊन फोन छातीच्या वरच्या भागापर्यंत उचलावा आणि मानेऐवजी नजर खाली न्यावी. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून बोलणे पूर्णपणे बंद करावे. वाहन चालवताना पाठीची टेकण फार मागे झुकलेली नसावी. जड पिशवी नेहमी एकाच खांद्यावर अडकवू नये.

व्यायाम: पहिले तीन आठवडे

या टप्प्यात ताकदीपेक्षा हालचाल आणि खोल स्नायूंवरचा ताबा महत्त्वाचा आहे. वेदनेबाबत पुढील नियम सर्व व्यायामांना लागू आहे: व्यायाम करताना वेदना दहापैकी तीन-चारपर्यंत वाढली तरी चालते, मात्र ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर आली पाहिजे. तशी आली नाही तर व्यायाम थांबवण्याऐवजी त्याची संख्या निम्मी करावी. हाताला मुंग्या येऊ लागल्या किंवा चक्कर आली तर मात्र तो व्यायाम तिथेच थांबवून फिजिओथेरपिस्टला विचारावे.

सुरुवात साध्या हालचालींनी करावी. खुर्चीवर बसून मान सावकाश उजवीकडे वळवावी, ताण जाणवू लागेल तिथे दोन सेकंद थांबावे आणि परत यावे, तसेच डावीकडे. मग कान खांद्याकडे नेण्याची हालचाल, तीही दोन्ही बाजूंना. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. मान गोल गरागरा फिरवू नये. त्यातून काही विशेष साधत नाही आणि अनेकांना चक्कर येते. त्यानंतर पाठीच्या वरच्या भागासाठी, खुर्चीची टेकण फऱ्यांच्या, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडांच्या, पातळीवर येईल असे बसून, दोन्ही हात डोक्यामागे गुंफून, डोक्याला हातांचा आधार देत छाती वर उघडावी आणि किंचित मागे रेलावे. हे आठ-दहा वेळा करावे. पाठीचा हा भाग आखडलेला असेल तर त्याच्या वाट्याची हालचालही मानेलाच करावी लागते.

आता सर्वांत महत्त्वाचा व्यायाम. तो दिसायला इतका क्षुल्लक आहे, की बरेच जण तो चुकीचा करतात किंवा यात काय व्यायाम म्हणून सोडून देतात. उताणे झोपून गुडघे वाकवावेत. डोक्याखाली टॉवेलची घडी इतक्या जाडीची ठेवावी, की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ सैल असावी. एका हाताची दोन बोटे गळ्याच्या बाजूला, त्या दोरीसारख्या स्नायूवर अलगद ठेवावीत. आता कुणाला तरी अगदी हळू ‘हो’ म्हणावे तशी हनुवटी खाली आणावी. डोके उचलायचे नाही आणि उशीत दाबायचेही नाही. डोक्याची मागची बाजू टॉवेलवरून किंचित वर सरकल्याची जाणीव झाली पाहिजे, एवढीच हालचाल. बोटांखालचा स्नायू मऊच राहिला पाहिजे. तो टरारून वर आला, श्वास अडकला किंवा जबडा आवळला गेला, तर जोर जास्त झाला असे समजून हालचाल अर्ध्यावर आणावी. सुरुवातीला पाच सेकंद धरून पाच वेळा. हळूहळू दहा सेकंद धरून दहा वेळा, रोज एकदा किंवा दोनदा. फिजिओथेरपी केंद्रात हाच व्यायाम मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवून करून घेतात. पिशवीतला दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरवर आणतात आणि रुग्णाला मान डोलावून तो दोन-दोन मिलिमीटरने ३० पर्यंत वाढवत स्थिर धरायला सांगतात. अनेकांना २४ च्या पुढे जाताच वरचे स्नायू मदतीला घ्यावे लागतात, यावरून खोल स्नायू किती मागे पडले आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

फऱ्यांसाठी भिंतीसमोर उभे राहून दोन्ही हातांची करंगळीकडची बाजू भिंतीला टेकवावी आणि हात भिंतीवरून सावकाश वर सरकवावेत. वर जाताना भिंतीवर हलका दाब ठेवावा, मग तसेच खाली यावे. दहा वेळा पुरे. ‘खांदे खाली खेचून ठेवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण ज्यांचे खांदे मुळातच उतरते आहेत, त्यांचा त्याने त्रास वाढतो, कारण मानेपासून फऱ्याकडे जाणारे स्नायू आधीच ताणलेले असतात. अशा व्यक्तींनी हात वर नेताना खांदे किंचित उचलू द्यावेत. आपण कोणत्या प्रकारात मोडतो, हे एकदा तज्ज्ञाच्या नजरेखालून घालून घेणे बरे.

ताणण्याचे व्यायाम करायला हरकत नाही. त्यांनी तात्पुरते बरे वाटते. डोके एका बाजूला ४५ अंश वळवून काखेकडे पाहावे, त्याच बाजूचा हात डोक्यामागे नुसता ठेवावा, ओढू नये आणि ३० सेकंद थांबावे. मात्र आखडलेला स्नायू अनेकदा अशक्त असल्यामुळेच आखडलेला असतो, म्हणून केवळ ताणत राहिल्याने तो पुन्हा पुन्हा आखडतो.

चौथ्या आठवड्यापासून ताकद

हा टप्पा गाळला जातो आणि म्हणूनच मानदुखी परत येते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील अभ्यासात जुनी मानदुखी असलेल्या, कार्यालयात काम करणाऱ्या १८० महिलांचे तीन गट केले होते. एका गटाने मानेच्या ताकदीचे आणि दुसऱ्याने सहनशक्तीचे व्यायाम केले, तर तिसऱ्याला ताणण्याचे आणि चालण्यासारखे व्यायाम करण्यास सांगितले होते. वर्षअखेरीस पहिल्या दोन्ही गटांतील वेदना आणि अडचणी तिसऱ्या गटापेक्षा कितीतरी अधिक कमी झाल्या. वेळच मिळत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी २०११ मधील डेन्मार्कचा अभ्यास दिलासा देणारा आहे: आठवड्यातून पाच दिवस, दररोज केवळ दोन मिनिटे रबरी पट्ट्याने हात बाजूला उचलण्याचा व्यायाम दहा आठवडे करणाऱ्यांचीही मान-खांदेदुखी कमी झाली.

सुरुवात न हलता जोर लावण्याने करावी. तळहात कपाळावर ठेवून डोके पुढे आणि हात मागे असा एकमेकांविरुद्ध दाब द्यावा, डोके मात्र जागचे हलू देऊ नये. जोर आपल्या पूर्ण ताकदीच्या पाव भागाएवढाच असावा. सहा ते दहा सेकंद धरून सोडावे. असेच डोक्याच्या मागे आणि दोन्ही कानांच्या वर हात ठेवून करावे. प्रत्येक दिशेला पाच वेळा. दोन आठवड्यांत जोर निम्म्या ताकदीपर्यंत न्यावा.

त्याच्या जोडीला खांदे आणि फरे बळकट करणारे तीन व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड करावेत. दाराच्या कडीला किंवा खिडकीच्या गजाला व्यायामाचा रबरी पट्टा अडकवून, कोपरे अंगालगत ठेवून तो पोटाकडे ओढणे हा पहिला. पट्ट्याचे एक टोक पायाखाली धरून हात बाजूला, पण किंचित पुढच्या दिशेने, खांद्याच्या उंचीपर्यंत उचलणे हा दुसरा. दोन्ही हातांत वजन घेऊन खांदे सरळ वर उचलणे आणि सावकाश खाली सोडणे हा तिसरा. डंबेल नसतील तर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या चालतात. प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा आणि असे दोन ते तीन फेरे. शेवटच्या दोन वेळा कष्टाने जमल्या पाहिजेत. बारा वेळा सहज होऊ लागले की पट्टा अधिक ताठ घ्यावा किंवा वजन वाढवावे. तेच हलके वजन महिनोन्‌महिने उचलत राहिल्याने ताकद वाढत नाही.

आठवड्यातील बहुतेक दिवशी अर्धा तास झपझप चालावे. झोप सुधारते, ताण हलका होतो आणि वेदनेची संवेदनशीलता खाली येते.

दुखणे हातात उतरत असेल तर

मानेतून निघणारी नस चिडली की कळ, मुंग्या किंवा बधिरपणा हातात जातो. तो अंगठ्याकडे असेल तर सहावी, मधल्या बोटाकडे असेल तर सातवी आणि करंगळीकडे असेल तर आठवी नस असण्याची शक्यता अधिक असते. त्रास होत असताना हात डोक्यावर ठेवल्याने अनेकांना आराम पडतो. झोपताना हाताखाली उशी घेऊनही तसा फायदा मिळतो. अशा रुग्णांनी वरील व्यायाम स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. त्यांच्यासाठी नस अलगद सरकवण्याचे आणि मानेला हलका ताण देण्याचे वेगळे उपचार असतात आणि ते फिजिओथेरपिस्टने शिकवायला हवेत. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत ते महिन्यांत शस्त्रक्रियेविना ओसरतो. मात्र पंजाची पकड किंवा हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवावे.

झोप आणि उशी

पालथे झोपण्याने मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते. ही सवय सोडणे हाच झोपेबाबतचा सर्वांत उपयोगी बदल आहे. कुशीवर झोपणाऱ्यांची उशी कान आणि गादी यांच्यातील अंतर भरून काढेल इतकी, म्हणजे साधारण खांद्याच्या रुंदीएवढी उंच असावी. उताणे झोपणाऱ्यांची त्याहून बरीच पातळ. महागडी विशेष उशी आणण्याआधी आहे त्या उशीच्या अभ्र्यात, मानेच्या पोकळीला भिडेल असा, टॉवेलचा लहान गुंडाळा घालून आठवडाभर पाहावे.

फिजिओथेरपिस्टकडून काय अपेक्षा ठेवावी

पहिल्या भेटीत थेरपिस्टने दुखण्याचा इतिहास विचारला पाहिजे, मान, खांदे आणि पाठीची हालचाल, हातांची ताकद, संवेदना आणि प्रतिक्षिप्त क्रिया तपासल्या पाहिजेत आणि कामाच्या जागेबद्दल माहिती घेतली पाहिजे. दररोज यंत्राला जोडून वीस मिनिटे पडून राहायचे आणि घरी जायचे, एवढाच उपचार आठवडे चालला असेल तर व्यायाम कधी शिकवणार, हे स्पष्ट विचारावे. ते विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. हाताने सांधे सैल करण्याच्या उपचारांचा उपयोग व्यायामाच्या जोडीने होतो, कारण त्यानंतर काही काळ हालचाल सोपी होते आणि व्यायाम नीट करता येतो. मान झटका देऊन मोडण्याच्या प्रकाराने क्वचित प्रसंगी मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, म्हणून तसे करण्याआधी थेरपिस्टने धोका समजावून संमती घेतली पाहिजे. अप्रशिक्षित व्यक्तीकडून ते कधीही करून घेऊ नये. गळ्याचा पट्टा दीर्घकाळ वापरल्याने स्नायू आणखी अशक्त होतात. डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी सांगितला असेल तेवढेच दिवस तो वापरावा.

दुखणे पुन्हा उसळले तर

जुन्या मानदुखीत असे दिवस येतातच. सुधारणेची रेघ सरळ वर जात नाही. एखादा लांबचा प्रवास, दोन रात्रींची अपुरी झोप किंवा कामाची घाई यांनी मान पुन्हा धरते. तेव्हा दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम थांबवावेत, पण मान वळवण्याच्या साध्या हालचाली आणि डोलावण्याचा व्यायाम कमी संख्येने चालू ठेवावा. दिवसातून दोन-तीनदा पंधरा मिनिटे गरम शेक घ्यावा. थंड शेकाने ज्याला बरे वाटते त्याने थंड घ्यावा. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि थोड्या दिवसांपुरत्या घ्याव्यात, विशेषतः पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर. अंथरुणाला खिळून राहू नये. वेदना ओसरू लागली की आधीच्या वजनाच्या निम्म्यापासून पुन्हा सुरुवात करावी आणि एक-दोन आठवड्यांत पूर्वीच्या पातळीवर यावे.

सहा ते आठ आठवडे नियमित व्यायाम करूनही वहीतल्या तिन्ही नोंदींत काहीच फरक पडला नसेल, तर तेच व्यायाम पुढे रेटत राहू नये. फिजिओथेरपिस्टकडे परत जाऊन तपासणी नव्याने करून घ्यावी. कधी व्यायामाची पद्धत चुकलेली असते, कधी भार फार कमी असतो, कधी मूळ खांद्यात किंवा जबड्यात निघते. फरक पडत असेल तर पूर्ण कार्यक्रम किमान तीन महिने चालवावा आणि त्यानंतर ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन दिवसांवर आणावेत. त्याहून कमी करू नयेत आणि दर महिन्याला एकदा, पहिल्या दिवशी बसला होता त्याच खुर्चीवर बसून, मान किती वळते ते पाहत राहावे.